काळव्वाचा अभ्यासक्रम

३ नोव्हेंबर, सोमवार
म्हैस आली. पंढरपुरी, लांबलचक शिंगं, सोबत रेडकू. अक्कलकोटकडच्या गुरुसिद्धप्पांकडून घेतली. बोली अशी, की आठवडाभरात नीट दूध दिलं नाही तर सोमवारी ते टेम्पो आणून परत नेतील. मी हसलो. छत्तीस वर्षं नववी ब सांभाळली आहे. शिवाय रिटायर झाल्यावर ‘पाळीव जनावरांचे वर्तन’ हा तीन तासांचा ऑनलाइन कोर्स केला, सर्टिफिकेटसकट. बायको प्रभा म्हणाली, गोठ्यात लावा, म्हणजे तिलाही कळेल. कल्पना चांगली आहे.

४ नोव्हेंबर, पहाटे ५
नाव बदललं. काळव्वा या नावाने आत्मविश्वास कसा येणार? आजपासून राधिका. रेडकू भिंतीपलीकडे बांधलं, त्याच्यामुळे तिचं लक्ष उडतं. स्पीकरवर बासरी लावली. दूध: पाव लिटर. पहिल्या दिवशी सगळेच विद्यार्थी बुजतात.

५ नोव्हेंबर
दूध: एका कपाच्या चहापुरतं. तिने बादलीला लाथ मारली. कोर्सप्रमाणे हा संवाद आहे.
शेजारचा बिरुदेव म्हणाला, इंजेक्शन टोचा, लगेच पान्हा सोडेल. डॉक्टरांना विचारायचं ठरवलं.

६ नोव्हेंबर
जनावरांच्या डॉक्टर शिवलीला मॅडम येऊन गेल्या. ताप नाही, कास उत्तम. इंजेक्शनचं नाव काढताच त्यांनी अशी नजर टाकली, की मीच नववी ब मध्ये जाऊन बसलो. त्याने जनावराचे हाल होतात आणि तो गुन्हाही आहे, म्हणाल्या. घाबरलेली म्हैस पान्हा चोरते. कशाला घाबरते ते शोधा.
माझा संशय भिंतीच्या रंगावर आहे.

७ नोव्हेंबर
भिंत हिरवी केली, शेत वाटावं म्हणून. राधिका दिवसभर शिंकत होती. दूध: नाही. रंग वाळू दे.

८ नोव्हेंबर
सापडलं! गुरुसिद्धप्पांच्या गिरिजाबाई तिच्याशी कन्नडमध्ये बोलत असत. म्हणजे प्रश्न माध्यमाचा होता, शिक्षकाचा नव्हे. ‘बा यव्वा, बा’, म्हणजे ‘ये माय, ये’, एवढं पाठ केलं आणि गोठ्यात खणखणीत आवाजात म्हटलं. राधिका दावं तुटेपर्यंत मागे सरली. उच्चारांवर मेहनत घ्यावी लागेल.

९ नोव्हेंबर, रविवार
दूध नाही. उद्या टेम्पो.
कॉलनीत सगळ्यांना खरवसापासून पेढ्यापर्यंत कबूल करून बसलोय, पण खरं दुःख ते नाही. संध्याकाळी तिने माझ्या हातून कडबा खाल्ला. मी त्या वेळी काहीच बोलत नव्हतो. मला ती जायला नको आहे.
प्रभाने गिरिजाबाईंना फोन लावला. सगळं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, “तिला शिकवू नका की, बाई. ती शिकलेली हाय.”

१० नोव्हेंबर, सोमवार
प्रभाने सकाळीच डॉक्टरांना बोलावलं. त्या गोठ्यात काही न करता दहा मिनिटं नुसत्या बघत उभ्या राहिल्या. मग मला फाटकाबाहेर जायला सांगितलं. प्रभाने स्पीकर बंद केला, रेडकू आणून सोडलं, आणि हळूच काळव्वा अशी हाक मारली.
साडेतीन लिटर.
दहाला गुरुसिद्धप्पा आले. तिच्याच दुधाचा चहा पिऊन रिकामा टेम्पो घेऊन गेले. मला डोळे पुसावे लागले. रंगाचा वास अजून आहे.
डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. म्हशीला औषध नाही. एकच ओळ: ‘धारेच्या वेळी सरांनी फिरायला जावे, सकाळ-संध्याकाळ.’ कोर्समध्ये हे नव्हतं.

११ नोव्हेंबर, पहाटे ५.४०
कंबर तलावाच्या कट्ट्यावर बसून लिहितोय. घरून निघताना सर्टिफिकेट काढून ठेवलं, त्याच्या खिळ्याला प्रभाने दावं अडकवलं.
आत्ता तिचा फोन आला. चार लिटर. मी म्हटलं, मग येतो. ती म्हणाली, अजून एक फेरी मारा.