सासऱ्यांच्या साली आणि माझा स्टोलन

रविवार, २५ नोव्हेंबर २००७, सकाळी ९
यंदा स्टोलन मी करणार. स्टोलन म्हणजे जर्मन लोकांचा ख्रिसमसचा गोड पाव: लोणी, मनुका, रम. दर वर्षी सासरे ड्रेस्डेनहून करून पाठवायचे. मार्चमध्ये ते गेले. त्यांनी साखरेत मुरवलेल्या संत्र्याच्या सालींचा शेवटचा डबा माझ्या बायकोनं, हायकेनं, जपून ठेवलाय. ख्रिसमसला सासूबाई येताहेत. आईला बाबांच्या हातची चव मिळावी, एवढंच हायकेचं म्हणणं. अर्ध्याच साली घाल म्हणाली. म्हटलं, माझ्यावर सोड.

दुपारी ४
डबा रिकामा केला. कंजूषपणा करून सण होत नसतात. भाजल्यावर दोनदा लोण्यात बुडवा, म्हणजे टिकतो, असं सासऱ्यांच्या कृतीच्या चिठ्ठीत आहे. मी एकदा ब्रश फिरवला. कोलेस्टेरॉल!

सोमवार, २६ नोव्हेंबर
आता महिनाभर थंड तळघरात मुरवायचा. बुकित बातोकच्या फ्लॅटला कुठलं तळघर? पण इथल्या फ्लॅटांत असतं तसं बॉम्ब शेल्टर आहे, कोठीएवढी खोली! जाड भिंती, लोखंडी दार. आत सुटकेसी, इस्त्रीचं टेबल आणि आता स्टोलन. हायके म्हणाली, तिथे उकडतं, फ्रिजमध्ये ठेव. तिला सांगितलं, आमच्या आईचं लोणचं वर्षभर फ्रिजबाहेर टिकतं. मुरवण्यातलं मराठी माणसाला शिकवू नये.

शनिवार, १ डिसेंबर
फॉइल उघडून चव बघितली. फक्त तपासणी. उत्तम.

२ डिसेंबर
पुन्हा तपासणी. दुसऱ्या टोकाची.

४ डिसेंबर
आजपासून तपासणी बंद. निश्चय.

५ डिसेंबर
शेवटची.

१२ डिसेंबर
शेल्टरमध्ये वास येतोय. रमचा असावा. म्हणजे मुरतोय.

१८ डिसेंबर
वर पांढरं आलंय. पिठीसाखर. मध्ये मध्ये हिरवट, तो सुकामेवा. अवनी म्हणाली, बाबा, शुगर इज नॉट ग्रीन लाह. दहा वर्षांच्या पोरीला बेकिंगमधलं काय कळतं? तरी हायकेला सांगू नकोस म्हणालो. उगाच काळजी करेल.

सोमवार, २४ डिसेंबर, संध्याकाळी ६
सासूबाई सकाळी पोचल्या. मघाशी मेणबत्त्या लावून फॉइल उघडलं. हिरवं, काळं, लव आलेली. हायकेनं मधोमध कापून बघितला. आतही तेच. मी हवेला दोष दिला, मग फॉइलला, मग रमच्या ब्रँडला. कुणी ऐकत नव्हतं.

सासूबाईंनी जर्मनमध्ये हळूच काहीतरी विचारलं. हायके सुरी धुवायला आत गेली. शेवटी अवनीनं मला सांगितलं: आजी विचारतेय, डब्यात थोड्या साली उरल्यात का? नुसत्या खाईन म्हणते.

नाही म्हणालो. पुढे कारण सांगायला तोंड उघडलं. एकही सुचलं नाही.