बर्फावरची सतरा पावलं

२९ जुलै, नागपूर

बॅग तिसऱ्यांदा उघडली. विलासच्या कॅमेऱ्याची मोठी लेन्स बसेना म्हणून माझं स्वेटर बाहेर निघालं होतं. ते मी परत कोंबलं. 

सकाळी अंबाझरीला नवे बूट घालून पाच किमी. उजवा गुडघा ठीक.

लेकीनं, मितालीनं, पुण्याहून फुलांच्या दरीच्या ट्रेकचं बुकिंग करून दिलं तेव्हापासून घरात एकच वाद. वि. म्हणतात, गाईड काहून पाहिजे? "मी तीस वर्षं रस्ते बांधले, आता मले रस्ता कोण दाखवणार?" मी म्हटलं, तुम्ही बांधले ते डांबराचे. हसले नाहीत. पण फुलांची यादी स्वतःच छापून आणली. ब्लू पॉपीवर लाल गोल.

चौतीस वर्षांच्या नर्सिंगमध्ये सलग आठ दिवस रजा कधी मिळाली नाही. या वेळी घेतेच म्हणायची वेळ आली, तर नोकरीच संपलेली.

तब्येतीचा फॉर्म भरला. वि. १३८/८६. म्हणाले, १३० लिही. मी १३८ लिहिलं.

२ ऑगस्ट, गोविंदघाट

हरिद्वारपासून दहा तास गाडीत. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे काहीच नाही. 

आम्ही आठ जण. माझ्या शेजारी भिवापूरच्या सुषमाताई, रिटायर्ड हेडमास्तरीण. मिरचीचा ठेचा बरणीत घेऊन फिरून राहिल्या. बरं वाटलं.

गाईड मुलगी आहे. दीपा. सव्वीस वर्षांची, खालच्याच गावची. बारीक, पण चालते अशी की जमिनीला माहीत असावं पाय कुठं पडणार. जेवणाआधी सगळ्यांना नियम सांगितले: दगडी वाट सोडायची नाही, फुलांत पाय टाकायचा नाही, ओढ्यावरच्या जुन्या बर्फावर तर मुळीच नाही. "ऊपर से पक्का दिखता है, नीचे पानी ने खा लिया होता है।"

वि.नं बर्फाच्या जाडीचं गणित विचारलं. ती म्हणाली, "सर, गणित नहीं आता। दो लोग जाते देखे हैं।"

खोलीत आल्यावर वि. : "पोट्टी लय शहाणी आहे."

३ ऑगस्ट, घांघरिया

दहा किमी चढ. शेवटच्या दोन किमीत पायऱ्या मोजत होते, मग तेही सोडलं.

वि. सारखे पुढे. दीपानं दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा सगळ्यांसमोर, "सर, आप मेरे पीछे चलेंगे।" वि. मागे आले. त्यानंतर मुक्कामापर्यंत एक शब्द नाही. ही चुप्पी मला पस्तीस वर्षांची ओळखीची. ती आत कुठंतरी जमा होत राहते.

४ ऑगस्ट, घांघरिया

आज दरी पाहिली.

काय लिहू. गुलाबी तेरडा कमरेएवढा उंच, डोंगरभर. आपल्याकडे श्रावणात अंगणात येतो तो तेरडा याचा लहान भाऊ. पिवळी, जांभळी, पांढरी फुलं, नावं दीपा सांगत होती आणि मी विसरत होते. ढग खाली उतरला की सगळं पुसायचं, पुन्हा हळूहळू यायचं. एका दगडावर बसले आणि रडूच आलं. सुषमाताई म्हणाल्या, "रड वं, इथं कोणी विचारत नाही."

ब्लू पॉपी एकच दिसली, वाटेपासून लांब, सुकत आलेली. दीपा म्हणाली, उद्या वरच्या ओढ्यापाशी बघू, पण वाटेवरूनच.

वि. यादी घेऊन बसलेत.

५ ऑगस्ट

आजच लिहायला हवं.

सव्वाअकरा. ओढ्याच्या अलीकडे खडकावर जेवण. पराठे. ओढ्यावर जुना बर्फ, मळका, मधून पाण्याचा आवाज. पलीकडच्या उतारावर चार-पाच ब्लू पॉपी. दीपा सुषमाताईंच्या टाचेचा फोड बांधत होती.

वि. उठले. मी म्हटलं, अहो, नका. "दोन मिनिटं." बर्फावर गेले.

दीपानं शिट्टी मारली. दोनदा. "सर, वापस आइए! नीचे खाली है!" वि.नं मागे न बघता हात वर केला, थांबा असा. फोटो काढला. एक पाऊल पुढे टाकलं आणि कमरेपर्यंत आत गेले.

दीपा पोटावर झोपून सरपटत गेली. मी आणि सुषमाताई मागून तिचे बूट धरून. तिनं काठी दिली, मग त्यांच्या सॅकचा पट्टा धरला आणि ओढलं. किती वेळ, माहीत नाही. वि. बाहेर आले. ती वळताना कडा तुटली. तिचा डावा पाय दगडांत गेला.

हाड मोडल्याचा आवाज मी ओळखते.

दोन काठ्या, माझी ओढणी, स्वेटरची घडी. बोटं गरम, स्पर्श कळत होता. पल्स ११२. ती ओरडली नाही. मला म्हणाली, "मैडम, बाकी लोगों को गिन लो।"

कंडीवाल्यानं तिला पाठीवरच्या टोपलीत बसवून खाली आणलं.

वि.ला कोपरावर खरचटलं आहे. बाकी काही नाही.

६ ऑगस्ट, घांघरिया

दीपाला सकाळीच खाली दवाखान्यात नेलं. दोन्ही हाडं, नडगीची.

दुपारी कंपनीचा माणूस वर आला. ढाब्यात बसून वहीत लिहून घेत होता. वि. अगदी शांतपणे बोलले, साइटवर ठेकेदाराशी बोलायचे तसे. "उसी ने बोला, वहाँ जाकर फोटो लो, बर्फ पक्का है।"

माझ्या हातात चहा.

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. "मैडम, आपने क्या देखा?"

मी म्हणाले, "मेरा ध्यान नहीं था।"

वॉर्डात चाळीस खाटा असायच्या तेव्हाही माझं लक्ष असायचं.

८ ऑगस्ट, वाटेत

दरड पडली आहे. गाडी चार तास एका जागी. वि. पुढे ड्रायव्हरजवळ झोपले.

सुषमाताई हळूच : "रंजना, तू काहून गप्प राहिली?"

"तुम्हीही होत्या की."

"मले कोणी विचारलं नाही. मी त्या वेळी खोलीत, पाय वर करून. पण नवरा तुझा आहे. पहिले तू बोल. मी वाट पाहीन. लय दिवस नाही."

मग ठेच्याची बरणी पुढे केली. मी घेतला नाही. त्यांना वाटलं राग आला. राग नव्हता.

१२ ऑगस्ट, नागपूर

शेजारचे दोघं-तिघं आले होते, फोटो बघायला. वि.ची गोष्ट बदलली आहे. आता पोट्टी घाबरली होती आणि यांनी तिला ओढून काढलं. मी पोहे द्यायला आले तेव्हा ते क्षणभर थांबले. मग माझ्यासमोरच पुढे सांगितली.

ब्लू पॉपीचा फोटो सुरेख आला आहे.

१४ ऑगस्ट

सकाळी दीपाचा फोन. नंबर ग्रुपमधून घेतला असेल. मी गच्चीत जाऊन उचलला.

आधी म्हणाली, डॉक्टरांनी विचारलं काठ्या कुणी बांधल्या, नीट बांधल्यामुळे पाय वाचला. मग थांबली.

"मैडम, ऑफिस वाले बोल रहे हैं, मैंने सर को बर्फ पर भेजा। गाइड कार्ड ले लिया है मेरा। आपने तो सीटी सुनी थी न?"

"सुनी थी," मी म्हणाले.

"बस," ती म्हणाली. दुसरं काही मागितलं नाही. मला वाटलं होतं रडेल, भांडेल. कपडे वाळत घालायचे राहिले होते, ते घातले. 

१७ ऑगस्ट

कंपनीची मेल. माझ्या नावानं. चौकशी चालू आहे, घटनेच्या वेळी आपण जवळ होता, काय पाहिलं ते आपल्या शब्दांत आठवड्याच्या आत कळवावं.

वि.नं माझ्या खांद्यावरून वाचली. "मी सांगितलं तेच लिही. दोघांचं वेगवेगळं आलं तर कसं दिसते?"

"खरं दिसते," म्हटलं असतं. नाही म्हटलं. कुकर लावला.

१८ ऑगस्ट

आज भांडण. भाजी निवडताना सुरू झालं. तिच्या पायात सळई टाकलीय, मी म्हणाले. ती चढ चढेल की नाही माहीत नाही, वर तुम्ही तिचं नाव घालवून राहिले.

"मग मी काय सांगू? म्हातारा भैताडासारखा फुलामागं पळाला? लोक हसतील, रंजना. ज्यांना मी तीस वर्षं सूचना दिल्या ते हसतील."

"हसू द्या."

 वि. मेथीची काडी तोडत बसले. तोडून तोडून भुगा.

"खाली पाणी होतं," ते म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. "पाय लोंबत होते. काहीच लागत नव्हतं पायाला. मी आईला हाक मारली, तुले ऐकू आली?"

आली होती. मी नाही म्हटलं.

"त्या पोट्टीनं ऐकली. तिच्या डोळ्यांत डोळे होते माझे. तिच्यासमोर मी..." आणि उठून गेले.

पस्तीस वर्षांत या माणसाला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. जवळ जाऊन बसावं वाटलं. आणि त्याच वेळी दीपाची बोटं डोळ्यांसमोर, गरम आहेत का ते मी तपासत होते ती.

दोन्ही खरं आहे. काय करू याचं.

१९ ऑगस्ट

मितालीला फोन करून सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं.

"आई, सोड ना. बाबांचं बीपी. आणि तू तिथंच सांगितलंस ना, लक्ष नव्हतं म्हणून? आता बदललंस तर तूच खोटी ठरशील."

ठरेन.

तिला एक गोष्ट सांगितली नाही, कधीच कुणाला नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका मोठ्या डॉक्टरांनी केस-पेपरवरची वेळ बदलायला लावली होती. इंजेक्शन उशिरा दिलं गेलं होतं. मी बदलली. पेशंटची बायको पायऱ्यांवर बसून होती, पिवळं लुगडं. नंतर पुन्हा कधी नाही बदललं काही. पण ते एकदा बदललंच.

माझे बाबा चौदा एप्रिलच्या जयंतीला भाषणं द्यायचे वस्तीत. घरी येऊन मला एकच विचारायचे, "आज कोणासमोर मान खाली घातली का?" त्या दिवशी मी नाही म्हटलं होतं.

२१ ऑगस्ट

वि. बागेत फिरायला गेले तेव्हा लिहायला बसले. ड्युटी रिपोर्टसारखं. वेळ, जागा, कोण कुठं. शिट्टी दोनदा. दीपाचे शब्द जसेच्या तसे. माझ्या नवऱ्यानं हात वर केला. बर्फावर अंदाजे दहा पावलं. शेवटी : ६ तारखेला माझं लक्ष नव्हतं असं मी सांगितलं होतं, ते खोटं होतं, लाजेनं सांगितलं होतं.

बोट पाठवायच्या खुणेवर होतं. थांबले. त्यांच्या पाठीमागे नाही पाठवायचं.

समोरच्या प्रिंटच्या दुकानातून कागदावर काढून आणलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

"हे वाचा. मग पाठवते."

चष्मा लावून उभ्यानेच वाचलं. दोनदा. मला वाटलं फाडतील. मी स्वतःची नाडी धरली.

खिशातला पेन काढला. जुनी सवय, ड्राफ्ट आला की पेन निघायचा. "दहा" खोडलं. वर लिहिलं, "सतरा".

"दहा नव्हती," म्हणाले. "मी मोजत होतो."

पेन टेबलावरच ठेवला. खोलीत जाऊन दार लावलं.

सतरा केलं आणि मेल पाठवली.

२२ ऑगस्ट

सुषमाताईंना फोन. पाठवली म्हटलं. त्या म्हणाल्या, आता मीही पाठवते, कोणी विचारो न विचारो. मग : "घरी कसं आहे वं?"

घरी असं आहे की ताट वाढलं की जेवतात आणि ताट उचलून ठेवतात. पूर्वी कधी उचललं नव्हतं.

कंपनीचं दोन ओळींचं उत्तर. मिळालं, विचार करू.

२३ ऑगस्ट

सकाळी आंघोळ करून आले तर वि. नाहीत. लहान बॅग नाही. बीपीच्या गोळ्या नेल्यात, पाहिलं आधी. कॅमेरा इथंच.

फोन बंद.

दीपाला लावला, तोही लागत नाही. तिच्या गावात रेंज नसते म्हणे. की माझा उचलायचा नाही. कार्ड परत दिलं का, कळायला मार्ग नाही.

मितालीचे सहा मिस्ड कॉल. काय सांगू तिला, तुझ्या बाबांना मी...

२४ ऑगस्ट

दहा वाजता नरखेडहून दिराचा फोन. लहान दीर, संत्र्याची बाग तोच बघतो.

"वहिनी, दादा काल एसटीनं आला इथं. काही झालं का तुमचं?"

"त्यांनाच विचारा ना, भाऊजी."

"विचारलं. काल तर बोललाच नाही. आज सकाळी म्हणते, बर्फात पाय गेला होता माझा, एका पोट्टीनं काढलं. मी म्हटलं, अरे, तू तर फोनवर उलटं सांगितलं होतं! तर उठून गेला."

"अजून काय म्हणाले?"

"काही नाही. तुमचा तो कंपनीवाल्याचा नंबर मागत होता, माझ्यापाशी कुठला असणार. आता विहिरीवर बसून आहे. बोलवू का?"

मी म्हटलं, नको. मग म्हटलं, बोलवा.

त्यानं फोन कुठंतरी ठेवला. मोटारपंपाचा आवाज येत राहिला. लांबून दिराची हाक ऐकू आली, एकदा, दुसऱ्यांदा. मी फोन कानाला लावून उभी आहे, डाव्या हातानं लिहिते आहे, अक्षर वाकडं. पावलं जवळ येताहेत.