तलावाची किल्ली माझ्याकडे होती

मी, प्रकाश भास्कर नेरकर, वय वर्षे त्रेसष्ट, बँकेतून निवृत्त, राहणार अडाजण, सुरत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. छाती साथ देत नसली तरी डोके ठिकाणावर आहे. कोणी दटावून, फूस लावून किंवा औषधाच्या गुंगीत हे लिहून घेतलेले नाही. उलट, हे लिहू नये म्हणूनच मुलाने माझी मनधरणी केली. त्याची नोंद योग्य कलमात येईल.

१. राहते घर, त्यातील भांडीकुंडी आणि बँकेतील सर्व ठेवी माझी पत्नी सौ. वंदना हिला मिळाव्यात. चौतीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे काही मागितले नाही. एकदाच मागितले, तेव्हा मी दिले नाही. ते कलम पाचमध्ये आहे.

२. स्कूटर चिरंजीव अजिंक्यला द्यावी. "पपा, ते पान जाळून टाका," असे त्यानेच वडोदऱ्याहून फोनवर सांगितले होते. त्या वेळी मला त्याचा राग आला नाही, बरे वाटले, हे त्याच्याइतकेच माझ्या नावावर लिहून ठेवतो.

३. सोसायटीच्या चेअरमनसाहेबांना माझ्या तेराव्याला बोलावू नये. आले तर चहा द्यावा, भाषण करू देऊ नये. सोसायटीला जलतरण तलाव हवा हा हट्ट त्यांचा होता. पोहणारी माणसे चार आणि मिरवणारी चाळीस.

४. आता त्या तलावाबद्दल. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. प्लेगनंतरच्या वर्षी, म्हणजे १९९५ साली, तापीच्या काठावरच्या गर्दीत नि घाणीत जायला आमची मराठी कुटुंबे तयार नव्हती. घरचे गणपती तलावातच विसर्जित करावेत, ही कल्पना माझी. २७ ऑगस्टच्या सभेचे इतिवृत्त मीच लिहिले: "विसर्जन तलावात करावे. मूर्ती विरघळेपर्यंत तीन दिवस पाणी सोडू नये. तलावाच्या फाटकाची किल्ली सेक्रेटरींकडे राहील." खाली माझी सही आहे.

अनंत चतुर्दशीला संध्याकाळपर्यंत अकरा मूर्ती आत गेल्या. पाणी शाडूने आणि रंगाने ताकासारखे दाट झाले. आमचा वॉचमन हिलाल निंबा महाजन कडोदऱ्याच्या यंत्रमागावर दोन बोटे गमावून आमच्याकडे लागलेला माणूस. तो काठावर वाकून म्हणाला, "तळ दिसत नही शे, साहेब. पानी सोडी देऊ का?"

मी त्याला सर्वांसमोर झापले. बाप्पाचे पाणी गटारात सोडतात का, असे विचारले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदनाला आमचा पाट हवा होता, तो मी तलावाशीच विसरलो होतो. मी फाटक उघडले, पाट उचलला, किल्ली बंडीच्या खिशात टाकली आणि आंघोळीला गेलो. फाटकाला कुलूप लावले नाही. दुसऱ्या कोणाचा तरी एक पाट पाण्यात तरंगत होता, त्यावर जास्वंदीची फुले होती.

जिने झाडायला कोसाडहून येणाऱ्या उषाबाईंची मुलगी चंचल त्या दिवशी आईबरोबर आली होती. वय वर्षे नऊ. नऊ वाजल्यापासून ती दिसेना. उषाबाई हाका मारत तीन इमारती फिरल्या. मला विचारले, "दादा, पाण्यात तर नाही ना?" मी काठावर उभा राहून पाण्यात पाहिले आणि म्हणालो, "इथे नाही." दुपारी चार वाजता हिलालने कोणाला न विचारता पाणी सोडले. ती मूर्तींच्या मधोमध होती.

हे कलम लिहिताना मी दोनदा उठलो.

५. पोलिसांत सोसायटीच्या वतीने मीच जबाब दिला. मुलगी बाहेरची, अनधिकृतपणे आत शिरली. पाणी रोजच्यासारखे स्वच्छ होते. किल्ली वॉचमनकडे होती. मी कचरत होतो, तेव्हा चेअरमनसाहेब म्हणाले, "जवा दो ने साहेब, ए तो वॉचमेन छे." जाऊ द्या, तो काय, वॉचमन. गणपतीचे नाव कोणी घेतले नाही. देवाला कोर्टात कशाला ओढायचे, असे सगळे म्हणाले आणि देवाच्या आड आम्ही सगळे उभे राहिलो. बँकेत एक आकडा न खोडणाऱ्या हाताने मी पट्टी धरून इतिवृत्ताचे पान क्रमांक सत्तेचाळीस फाडले. पोलिसांना दिलेला तोच जबाब कोर्टात शपथेवर पुन्हा दिला. निष्काळजीपणाबद्दल हिलालला दीड वर्षाची शिक्षा झाली. तो अपिलात जामिनावर आहे. वंदना तेव्हा एवढेच म्हणाली होती, "त्याच्यासाठी एकदा खरे बोला." त्यानंतर आमच्या घरात गणपती बसलेला नाही.

६. सदर पान आणि फाटकाची किल्ली पाकिटात घालून या मृत्युपत्रास जोडली आहेत. माझ्या पश्चात ती हिलालला द्यावीत. उषाबाईंना देण्यासारखे माझ्याकडे काही नाही. सोसायटीने पाठवलेले पैशांचे पाकीटही त्यांनी परत केले होते. त्यांना घरी जाऊन सांगावे की चंचल कुठेही चोरून शिरली नव्हती. फाटक मी उघडे टाकले होते.

७. घरातला तो पाट माझ्या चितेवर ठेवावा. अस्थी तापीत, वाहत्या पाण्यात सोडाव्यात.

वरील कलमे बुधवारी लिहिली. आज रविवार. मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या. मसुदा वकिलांना दाखवला. त्यांनी सहावे कलम वाचून चष्मा काढला. "नेरकरसाहेब, मरेला माणसनी उलटतपास न थाय." म्हणजे माझ्या पश्चात हे पान कोर्टात गेले, तर सरकारी वकील म्हणणार, लिहिणाऱ्याला प्रश्न कोण विचारणार? ते फारसे टिकणार नाही. पण मी जिवंतपणी उभा राहिलो, तर खोट्या साक्षीबद्दल माझ्यावर खटला होईल, हेही त्यांनी सांगितले, आणि घाई करू नका म्हणाले.

दुसरी गोष्ट, मसुदा वंदनाने वाचला. "मेल्यावर खरे बोलणार का तुम्ही? आणि तोवर अपील फेटाळले, हिलाल आत गेला तर?"

 शस्त्रक्रियेतून उठलो नाही तर सुटलो, असे मी मनात धरून बसलो होतो. ते तिला कळले होते. मला भीती वाटते, हे इथे स्पष्ट लिहितो. तुरुंगाची वाटते, आणि त्याहून जास्त उषाबाई कोर्टात समोर बसलेल्या असतील त्याची वाटते.

८. हिलालच्या अपिलाची तारीख उद्या, सोमवारी आहे. कलम सहा मी रद्द करत आहे. बाकी मृत्युपत्र कायम.

हे सर्व मी वाचून, समजून, खालील दोघांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्या देखत सह्या केल्या. या मृत्युपत्रात दोघांनाही काही मिळत नाही.

सही: प्रकाश भास्कर नेरकर

साक्षीदार:
१. डॉ. हेमराज सुकदेव बोरसे, अडाजण
२. कुसुम लक्ष्मण सोनार, शिक्षिका, अडाजण

स्थळ: सुरत
दिनांक: २१ फेब्रुवारी १९९९

सोबत जोडलेले पाकीट रिकामे आहे. पान आणि किल्ली मी उद्या घालायच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली आहेत.