पुढच्या रविवारचं दार

मी, खाली सही करणारी, वय एकोणतीस, व्यवसाय बॉयलरच्या वेल्डिंगची तपासणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीवर आणि कोणीही न सांगता लिहीत आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर निश्चिंत आहेत. पण जे बिघडण्याची शक्यता कमी, त्याचीही तरतूद करून ठेवणे माझ्या कामातच बसते. घर सोडले तर बाबांनी अशी तरतूद कधी केली नाही. गेल्या हिवाळ्यात ते जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

१. राहते घर बाबांनी हयातीतच माझ्या नावे केले. माझ्या पश्चात ते आईचे, तिच्या पश्चात थोरल्या भावाचे. आई आहे तोवर ते विकू नये. "चार दिवस आमच्याकडे ये" म्हणून तिला नेऊन तिथेच ठेवून घेऊ नये. दादा, तुला राग येईल. येऊ दे.

२. बँकेतील ठेव आईची. स्कूटर वहिनीला. ती चोरून चालवायला शिकली आहे, हे दादाने आता जाणून घ्यावे.

३. बाबांचा रंधा. हे कलम मोठे आहे.

घराचे पुढचे दार घासते. बिजागरीकडून उतरल्यामुळे खालचा कोपरा उंबऱ्याला लागतो. बाबा नोकरीला पंपघरात, सुतारकाम हौसेचे. दर रविवारी ते रंधा काढत, पाते दगडावर घासत, दारात उन्हाला खुर्ची टाकत. मग रेडिओ लागे. मग शेंगदाणे. मग संत्रे सोलून प्रत्येकाच्या हातावर फोडी, स्वतःला शेवटची.

"दार आज तरी होणार का?" आई आतून विचारी.

"पातं बघ कसं झालंय. दाढी होईल."

"दाढी राहू दे. दार?"

"पुढच्या रविवारी. दार कुठे पळून जातंय?"

आणि तोंडावर वर्तमानपत्र घेऊन ते तिथेच झोपत. आम्ही भावंडे त्या दारात बसून वाढलो. कोपरा तीन मिलिमीटर तासला की काम संपते, हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षीच दिसले होते. मी बोलले नाही. त्यांनाही दिसत असावे.

ते गेल्यावर दादाने सुतार बोलावला. मी त्याला परत पाठवले. दादा म्हणाला, "अगं, आईला ते दार ओढवत नाही. परवा दूधवाला बाहेरून हाका मारतोय आणि ही आत नुसती धडपडतेय. एखाद दिवशी पडली-झडली तर?"

मी म्हणाले, दाराला हात लावायचा नाही. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही.

दादाचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. म्हणून रंधा, धारेचा दगड आणि खुर्ची दादाला. दार त्याने स्वतः दुरुस्त करावे, रविवारी, आईला जवळ बसवून. संत्री आणावीत. काम एका रविवारात संपवू नये. ही अट कोर्टात टिकणार नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. तरी लिहिली आहे.

आज सकाळी मी वरच्या बिजागरीचे स्क्रू बदलले. दार आता आईला एका हाताने उघडते. थोडे घासते. तेवढे ठेवले आहे.

मी स्क्रू आवळत असताना आईने आतून विचारले, "झालं का दार?"

"पुढच्या रविवारी," मी म्हणाले.

त्या रविवारी मी नसेन, तर हे कलम लागू.

साक्षीदार: शेजारच्या शिवणवाल्या काकू, आणि पंपघरातले बाबांचे सोबती मिशीकाका. दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सही केली. काकूंच्या सहीवर पाणी पडून शाई पसरली आहे. ती खाडाखोड समजू नये.

स्थळ: पुढच्या दारात, बाबांच्या खुर्चीवर.
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा रविवार.
सही