पहारेकऱ्याचा होकार

तीर्थरूप आईस,
इतक्या दुरून वाकून नमस्कार.

पत्रकारितेच्या वर्गात सध्या चित्रफितींचे संकलन शिकते आहे. बोलणे कापून कुठेही जोडता येते आणि सांधा दिसतही नाही, ही मोठी गंमत! काल मात्र त्याच गमतीची किळस आली. आम्ही एका कारखान्याच्या पहारेकऱ्याची मुलाखत घेतली होती. "पाणी देऊ का?" यावर ते "हो" म्हणाले होते. सरांनी तो होकार उचलून "मालक चोर आहेत का?" या प्रश्नापुढे बसवला.

"सर, त्यांची नोकरी जाईल!"

"अगं, बातमी तर झाली ना!"

मी होकार पुन्हा पाण्यापाशी नेला. सरांनी मला गटातून काढले; काळजी नसावी. बाबांचा खोकला कसा आहे?

जेवण वेळेवर होते का, असे तू विचारलेस. हो. हा होकार तुझ्याच प्रश्नाचा आहे.

तुझी,
धाकटी