हिरवं दिसलं म्हणून

ती. आईस,

वाकून नमस्कार. आधी बसून घे, बातमी मोठी आहे. माझं गणित जुळलं.

उपग्रहाच्या चित्रांवरून जंगल हवेतला कार्बन किती ओढून घेतं, याचा मी अंदाज बांधते. तू काकूंना सांगतेस ना, 'धाकटी झाडांचा श्वास मोजते', तेच. पण दर उन्हाळ्यात माझा अंदाज आपटायचा. मी म्हणायचे झाडांनी भरपूर घेतला, आणि जंगलातल्या मनोऱ्यावरचं, प्रत्यक्ष हवा मोजणारं यंत्र म्हणायचं, छे, जेमतेम.

चूक माझीच. पान हिरवं दिसलं की ते कामाला लागलंय, असं मी धरून चालले होते. उन्हाच्या तडाख्यात झाडं पानांची छिद्रं मिटून गप्प बसतात, रंग मात्र तसाच राहतो.

काम करणारं पान मंद तांबूस उजेड टाकतं. आपल्याला तो दिसत नाही, उपग्रहाला दिसतो. तो गणितात घेतला आणि आज आलेखावरच्या दोन्ही रेषा, माझी आणि यंत्राची, एकमेकींवर बसल्या. मी चक्क नाचले. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "परत करून दाखव." दाखवलं. परत जुळलं.

माझं जेवणखाण वेळेवर होतं. खोकलाही गेल्यातच जमा आहे.

तुझा फोटो मिळाला. अगदी टवटवीत दिसतेस. पण ताई म्हणते, हल्ली तू जिन्यात मधेच बसतेस. तेव्हा आता फोटो नको. जिना चढून आल्या आल्या मला फोन कर. काही बोलली नाहीस तरी चालेल.

तुझी,
धाकटी