दुसरा नारळ

बाबा,

आज पणजीत एका निर्मात्याशी माझं वाजलं. दुसऱ्या अंकातला लग्नाचा प्रवेश काढा, नाटक तिथे बसकण मारतं, असं मी त्याला सांगितलं. सेट तयार आहे म्हणून तो फुगून बसला. मी थांबले. पटेपर्यंत थांबायचं, पण गोड लागावं म्हणून खोटं बोलायचं नाही, हे तुझ्याकडून शिकले. आता माझं कामच ते आहे: निर्मात्याच्या शेजारी बसून संहिता वाचायची आणि ती कुठे सैल पडते ते त्याच्या तोंडावर सांगायचं. जाहिरातीत नावही येतं माझं. तुझ्या वेळी या कामाला नाव नव्हतं. तू नुसतं म्हणायचास, "चेडवाक वाचूक दिया," पोरीला वाचायला द्या.

धारगळच्या देवळातलं उत्सवाचं नाटक तू निर्माता म्हणून कितीतरी वर्षं उभं केलंस. डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवायचास, त्याच ट्रकमधून पडदे आणायचास, पण स्वतः कधी तोंडाला रंग लावला नाहीस. त्या वर्षी पहिल्यांदाच एक भूमिका ठेवून घेतलीस, म्हाताऱ्या बापाची. तिसऱ्या अंकात त्याचं दोन पानांचं भाषण होतं. खनिजाच्या वजनकाट्यावर ट्रकांची रांग लागली की तू ते पाठ करायचास. पानांच्या कडांना तुझ्या अंगठ्याचे तांबडे ठसे आहेत. संहिता देवापुढे ठेवून नारळही दिला होता. त्यानंतर आपल्याकडे कोणी शब्द हलवत नाही. मी तेव्हा बावीस वर्षांची. वाचता वाचता मला कळून चुकलं की तुझं भाषणच जास्तीचं आहे.

पहिल्या तालमीला सगळे सभामंडपात बसलेत. तू विचारतोस, "तुका काय दिसता ता सांग. माका बरा वाटाचा म्हणान सांगू नको." मी म्हणते, "बाबा, तिसऱ्या अंकात लोड जास्त झालो. चेडू घर सोडून जाता, थंयच लोकांका सगळा कळता. मागीर बापूस दोन पानां बोलता. चढाक गाडी ओढूची नाय."

मंडळाचे अध्यक्ष उसळले, "गो, निर्मात्याचोच पार्ट कापतस? तो पण देवाक ठेवलेलो?"

तू उठलास. बाहेर जाऊन ट्रकच्या पायरीवर बराच वेळ बसलास. मी रडकुंडीला आले होते. मग परत आलास तो हातात दुसरा नारळ घेऊन, आणि देवापुढे उभं राहून स्वतःच गाऱ्हाणं घातलंस: "बा देवा म्हाराजा, आदी ठेवलेल्या कागदात आमची चूक झाली. माझ्या चेडवान ती काढल्यान. गोड मानून घे रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला होकार द्यावाच लागतो. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" अध्यक्षही म्हणाले, जरा बारीक आवाजात. उत्सवात तुझा म्हातारा नुसता बसून राहिला, एक शब्द न बोलता, आणि समोरच्या बायका डोळे पुसत होत्या.

त्या "व्हय म्हाराजा"चा मला आजही माज आहे, बाबा, आणि तुझा तर फारच. पुष्कळ निर्माते पाहिले. चारचौघांत आपल्या मुलीचं ऐकून स्वतःचं भाषण सोडणारा तू एकटाच.

संध्याकाळी या निर्मात्याचा फोन आला, प्रवेश काढला म्हणून. मग मी तुझी ती दोन पानं काढून बसले. हे पत्रही त्यांच्यातच ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवणार? पुन्हा वाचली, तरी जास्तीचीच वाटली. आजही कापीन. फक्त, तेव्हा कापण्याआधी एकदा तुला ‘म्हणून दाखव’ असं सांगायला हवं होतं. ते भाषण मी तुझ्या तोंडून कधी ऐकलंच नाही.